कोळंबीचा डबा

बोरीवली,
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय जया,

तुझ्या आईचा डबा परत पाठवतेय. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून आईने खोबऱ्याच्या वड्या घातल्यात. वड्या आधी काढून घे. खालच्या कागदाखाली हे पत्र आणि तुझी ती दोन जपानी पत्रं आहेत. उद्या सकाळी अंधेरीच्या मासळीबाजारात डबा तुझ्या आईच्या, अंजनामावशींच्याच हातात देईन आणि सटकेन. थांबले तर त्या चहा मागवतील, आणि त्यांचा चहा मी कुठल्या तोंडाने पिऊ?

तू म्हणत असशील, हिला झालंय तरी काय? शनिवारी जपानीच्या वर्गाला आली नाही, निरोपाला उत्तर नाही. मी जळतेय गं तुझ्यावर. घे, लिहून टाकलं एकदाचं. जपानच्या शिष्यवृत्तीच्या यादीत तुझं नाव आलं आणि माझं नाही, त्या दिवसापासून जळतेय. घाटकोपरला विद्याधर सरांच्या खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मग अंधेरीच्या बसमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून ढाराढूर झोपलीस. मला खांदा काढून घ्यावासा वाटत होता. साकीनाक्यापर्यंत तेवढाच विचार करत होते.

आठवतं ना, तीन वर्षांपूर्वी तू वर्गात कशाला आलीस ते? वेसाव्याच्या धक्क्यावर कोळंबी बघायला एक जपानी साहेब यायचा. माल नाकाशी धरून तो काय पुटपुटतो ते तुला कळून घ्यायचं होतं. बस, एवढंच! मी पोट धरून हसले होते. माझं तसं नव्हतं बाई. संपात बाबांची मिल गेली तेव्हापासून मी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कांजी गिरवतेय, रोज पन्नास. ती चित्रासारखी अक्षरं पाहिली की तुला झोप यायची. मग तूच ठरवलंस, तोंड तुझं आणि डोळे माझे. तू बोलायचीस, मी वाचायचे. सर म्हणायचे, तुम्ही दोघी मिळून एक उत्तम विद्यार्थिनी आहात. मला मनातून वाटायचं की त्यातली पाऊण मी आहे.

मुलाखतीत माझी एक चूक झाली नाही, देवाशपथ. मी बाहेर आले, तू आत गेलीस आणि पाचच मिनिटांत दारामागून हसण्याचा आवाज. बोंबील कसे वाळवतात ते तू म्हणे उभं राहून, हातवारे करून दाखवलंस! व्याकरणाची पार वाट लावलीस, स्वतःच सांगितलंस मला. आणि घेतलं तुला. आमच्या बाबांनी चारकोपच्या कारखान्यांच्या गेटवर, जिथे ते वॉचमन आहेत ना, तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमचा चेडू जपानाक जातला. आता कोणी विचारलं की म्हणतात, पुढल्या वर्षी.  

आणि वर तुला एक सोडून दोन विद्यापीठांची बोलावणी! एक टोकियोचं मोठं, दुसरं समुद्रकाठच्या गावातलं लहानसं. दोन्हींतलं एक निवडायचं आणि त्याच्या नावाची चिठ्ठी एकतीस तारखेच्या आत पोचवायची. पत्रं हाताने लिहिलेली, कांजीने गच्च भरलेली. मंगळवारी तू ती घेऊन मावशींसकट थेट आमच्याकडे आलीस. दुसऱ्या कोणाकडे जायचं तुझ्या मनातही आलं नाही. बाहेरच्या खोलीत बसून मी दोन्ही वाचून दाखवली. समुद्रकाठच्या विद्यापीठात सहा महिन्यांनी कांजीची कडक परीक्षा, नापास झालीस तर शिष्यवृत्ती बंद आणि चालती हो घरी. टोकियोच्या बाई मात्र म्हणतात की अक्षरं येत नसली तरी ये, आम्ही शिकवू. तू क्षणभर थांबली नाहीस. माझ्याच पेन्सिलीने चिठ्ठीवर टोकियो लिहिलंस. मावशी तेवढ्या हळूच म्हणाल्या, समुद्राजवळ असती तर पोर रमली असती. मी फटकन म्हणाले, मावशी, तिला शिकायचंय की जाळी टाकायचीत? त्या बिचाऱ्या ओशाळून हसल्या. पत्रं तू माझ्याकडेच ठेवलीस, मराठीत उतरवून दे म्हणालीस.

बुधवारी दुपारी बघते तर मावशी दारात. भरल्या बाजारातून उठून, डबाभर सोललेली कोळंबी घेऊन आल्या होत्या. माझ्या पोरीला वाचून दाखवलंस, ही तुझी. माझ्या तोंडावरून हातही फिरवला. बाबांनी दोनदा वाढून घेतलं, सुंगटां ताजी आसत गो, म्हणाले. मी पोट बिघडलंय म्हणून उठले. आईने डबा घासून ओट्यावर पालथा घातला. पाच दिवस तो तिथेच होता, आणि पाणी प्यायला गेले तरी माझ्या नजरेला पडायचा.

जया, मी पत्रं उलटी वाचली. चुकून नाही, जाणूनबुजून. परीक्षा टोकियोची आहे. ये म्हणणाऱ्या बाई समुद्रकाठच्या आहेत. त्या स्वतः कोळ्याच्या घरातल्या. त्यांनी लिहिलंय की बोंबील वाळवून दाखवणारी मुलगी आम्हाला हवीच, आणि वसतिगृहाच्या खिडकीतून बंदर दिसतं. खिडकीचं तर मी तुला सांगितलंच नाही. टोकियोत तू नापास होशील, सहा महिन्यांत परत येशील आणि बसमध्ये पुन्हा माझ्या शेजारी बसशील, असं मनात धरलं होतं मी. इतकी नीच झाले. अजूनही जळतेय, खोटं कशाला सांगू? पण ती चिठ्ठी अजून पेन्सिलीतच असेल, तर खोड. सोबत ओळ न् ओळ मराठीत उतरवली आहे, तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. दोन्ही पत्रं विद्याधर सरांकडे ने, त्यांच्याकडून वाचून घे आणि मगच शाईने लिही. आणि मावशींना म्हणावं, पोरीला समुद्राजवळच बोलावलंय, तुमचंच बरोबर होतं.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
सुगंधा