कडू पेज

९ मे २००७, म्दांत्साने, दक्षिण आफ्रिका

दवाखान्यात रक्ताचा आकडा कळला – १९४. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा ६१ होता. सिस्टर खूश! "दोनशे ओलांडलेस की धडधाकट झालीस." म्हणजे आजारपणाचं सरकारी अनुदान बंद. घरात तेवढंच येतं. माझी लेक सेतू चौदाची झाली, तिचं मुलांचं अनुदान थांबलं. सासूबाईंच्या ओळखपत्रावर जन्मसाल चुकलंय, म्हणून त्यांना म्हातारपणाचं मिळत नाही.

बाहेर बाकावर थोझामा होती, शेजारची. "नोझुको, दोन महिने गोळ्या सोड. आकडा उतरतो. मी तेच करते." वर हसली – "आपल्या रक्तावर घर चालतं बाई, जपून वाढव!"

१० मे

आज गोळ्या घेतल्या नाहीत.

१४ मे

सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजते, म्हणून मी रोजच्या रोज डबीतून काढते. फेकवत नाहीत. दाराआड म्झुकिसीचा कोट आहे, त्याचा खिसा फाटलेला – त्यातून अस्तरात सोडते. नवऱ्याच्या कोटाला कोण हात लावणार!

भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्रांवर मी वाचायला शिकले. तिथेच वाचलं होतं – या गोळ्या मध्ये सोडल्या तर पुढे लागू पडेनाशा होतात. वाचलेलं पुसता येत नाही.

२ जून

म्झुकिसीला जाऊन चार वर्षं. रडू आलं नाही. धुणं धुतलं.

सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून पेज मी करणार." मी या घरात आल्यापासून त्यांनी चुलीला हात लावलेला नाही. म्हटलं, आई, लोक काय म्हणतील? "लोकांना पेज मिळणार नाही म्हणावं."

३ जून

मक्याची पेज कडू. सासूच्या हातच्याला सुनेने नाव ठेवायचं नसतं. खाल्ली.

१९ जून

सकाळ-संध्याकाळ कडूच. म्हातारीची चव गेली बहुतेक. वाटी रिकामी होईस्तोवर समोरून हलत नाहीत. सेतू म्हणते, "माझी छान आहे की!" आजीची लाडकी.

४ जुलै

थोझामा खोकते. दारापर्यंत आली तर धाप लागली. तिचा आकडा ११०. "मिळालं! आणखी वर्षभर मिळालं!"

बरं झालं, म्हटलं.

१८ जुलै

तपासणीला रक्त दिलं.

१ ऑगस्ट

२४७!

सिस्टरने टाळी वाजवली. अनुदान या महिन्यापुरतं. मला काही कळेना. दहा मेपासून एक गोळी पोटात नाही – हे रक्त कुणाचं?

घरी येऊन कोट चाचपला. अस्तर रिकामं. खालची शिवण उसवून पुन्हा घातलेली, पांढऱ्या दोऱ्याने.

२ ऑगस्ट

सासूबाईंना विचारलं. पेज ढवळायची थांबल्या नाहीत. "कोट झटकायला घेतला, तर वाजला. वाचता येत नाही मला. पण त्या गोळ्या ओळखते – माझ्या मुलापर्यंत पोचल्याच नाहीत." मग हळूच – "उपास मी काढलेत, सूनबाई. पुन्हा काढीन. पण घरातलं आणखी एक माणूस पुरणं मला जमायचं नाही."

वाटी पुढे केली. आज गोळ्या उघड्यावर, बशीत. शेजारी पाणी.

गिळल्या. पेज कडू नव्हती.