दोन ताटल्या

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

ठमी मजेत आहे. तुझ्या लेकीची आत्याही मीच आणि बाईही मीच, त्यामुळे घरी लाड आणि वर्गात डोळे वटारणं, दोन्ही एकाच माणसाकडून होतं. पुलाच्या कामाच्या नादात जेवणाची आबाळ करू नकोस.

या आठवड्यात विज्ञानासाठी वर्गात शेगडी मांडली. वितळलेलं लोणी गार झाल्यावर पुन्हा घट्ट झालं. उकडलेलं अंडं मात्र गार करूनही पातळ होईना. मग पोरांनी दोन ताटल्या केल्या, एक पुन्हा पहिल्यासारखं होणाऱ्यांची, दुसरी न होणाऱ्यांची. ठमीला काही ते पटलेलं नाही. तिने एक उकडलेलं अंडं घरी आणून फ्रीजमध्ये ठेवलंय आणि रोज कानाशी धरून हलवून बघते. त्याला थोडा वेळ द्यायला हवा, असं तिचं म्हणणं.

लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू दे.
तुझी धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अंड्याची गोष्ट वाचून पुष्कळ दिवसांनी हसलो. हट्टीपणात बापावर गेली आहे. आईबद्दल विचारलं तर ठरलंय तेच सांग, आई लांबच्या दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल. ती गेली, हे एवढ्याशा जिवाला सांगणं माझ्याच्याने होत नाही.

दोघींनी माया ठेवा.
दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

काल ठमीने घरी ताटल्या मांडल्या आणि आईला कुठल्या ताटलीत ठेवायचं, असं मला विचारलं. मी तुझा शब्द राखला. पहिल्या ताटलीत, असं सांगितलं. तिने उठून फ्रीजमधलं अंडं आणलं आणि तेही पहिल्या ताटलीत ठेवलं.

दादा, जे तिने स्वतःच्या हातांनी उकडून पाहिलं होतं, तेही मी खोटं पाडलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले. वर्गात तिच्यासमोर पुन्हा शेगडी पेटवायची माझी हिंमत नाही.

रागावू नकोस.
तुझी धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

शनिवारी येतो. रजा मिळाली आहे. तोवर तिला काही सांगू नकोस आणि अंडं टाकू नकोस. ते मी तिच्याबरोबर दुसऱ्या ताटलीत ठेवीन. माझा धीर सुटला तर तू जवळ बस.

दादा