चार नंबरचा फ्रिज

प्रिय ठकू,

फोनवर आपण दोघी बरी आहेस ना आणि हो, याच्या पुढे सरकतच नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर मला दोष देऊ नकोस, आधी चष्मा पूस.

इकडचं सांगायचं तर गुडघा तसाच आहे. रक्तपेढीत नव्या मोठ्या बाई आल्यात. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, पण त्यांच्या नजरेतून कपाटामागची धूळसुद्धा सुटत नाही. आल्या आल्या सर्व्हर तपासायला घेतला, म्हणजे तुझा शिष्टोबाच सापडला की तावडीत! त्यांना वाटलं, शिष्टोबा कुणी कर्मचारी आहे. मग समजावून सांगितलं, की खालच्या खोलीतल्या मशीनवर मागे सतत चालणारा हा एक प्रोग्राम, डीमन म्हणतात तसला. सगळ्या फ्रिजचं तापमान बाहेरून विचारता यावं म्हणून तू बसवलेला. यादीतल्या पत्त्यावरून कुणी आलं तरच हा दार उघडतो, तेही ओळख पटवून, आणि बोलतो ते सगळं सांकेतिक, मधल्या कुणाला कळू नये असं. प्रश्नसुद्धा फाईलमध्ये लिहिलेत तेवढेच ऐकून घेतो. दुसरं काही विचारलं की सरळ नाही म्हणतो. त्या तोऱ्यामुळेच तू त्याचं बारसं केलंस. बाई हसल्या. मग त्यांनी पत्त्यांच्या यादीवर बोट ठेवलं आणि अकरावी ओळ कुणाची म्हणून विचारलं.

ती तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरची ओळ. तू इथली नोकरी सोडलीस त्याच दिवशी ती काढायला हवी होती. नियम मीच लिहिलाय. आधी राहून गेलं. मग एका सकाळी नोंदी वाचताना दिसलं, सात वाजून दहा मिनिटांनी तुझ्याकडून प्रश्न आलाय, चार नंबरच्या फ्रिजचं तापमान किती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मला ती ओळ काढवेना. दोन वर्षं झाली, मी सकाळचा चहा त्या नोंदीबरोबर घेते. पोरगी उठली, त्याच खोलीत आहे, एवढं कळतं. मध्ये पाच दिवस तुझा प्रश्न आला नाही, तेव्हा मावशीला तुझ्याकडे पिटाळलं ते मीच. सहज आले होते, असं म्हणाली असेल. तिला धड खोटंही बोलता येत नाही.

बाकीच्या फ्रिजबद्दल तू कधी विचारत नाहीस. फक्त चार नंबर. का, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तो रविवार पुन्हा सांगते, कारण तुला कळला तो अर्धाच होता.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी फ्रिजवाला तीन फ्रिजमधला बर्फ काढायला आला होता. पिशव्या दुसरीकडे हलवलेल्या, दारं उघडी, तापमान वर, आणि माझ्या टेबलावर दर पाच मिनिटांनी भोंगा. डोकं उठलं होतं नुसतं. सहा अंशांची मर्यादा शिष्टोबाच्या फाईलमध्ये पक्की लिहिलेली. ती बदलायची तर दर वेळी जिना उतरा. विचारणाऱ्याने प्रश्नासोबत स्वतःचा आकडाही पाठवावा, अशी एक सोय त्या फाईलमध्ये असते, पण ती बंदच ठेवायची असते, नाहीतर कुणीही उठून त्याला काहीही पढवेल. हे तुला मीच शिकवलं होतं. तू ती गुरुवारी चाचणीपुरती चालू केली होतीस. मी शुक्रवारी एकदाच जिना उतरले, ती सोय चालू केली आणि वर येऊन टेबलावरून मर्यादा सोळा करून टाकली. भोंगा गप्प झाला. संध्याकाळी दोन फ्रिजची मर्यादा परत सहावर आणली. चार नंबरची राहिली.

रविवारी चार नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडला. माझं मशीन दर पाच मिनिटांनी माझाच सोळाचा आकडा घेऊन विचारत होतं आणि शिष्टोबा इमानेइतबारे ठीक, ठीक म्हणत होता. सोमवारी त्रेचाळीस पिशव्या फेकल्या. दोन ऑपरेशनं पुढे ढकलली.

अहवाल मीच लिहिला. बाहेरून आकडे घेण्याची सोय चालू राहिली, असं लिहिलं. डीमन कुणी बसवला तिथे तुझं नाव आलं. आणि आकडा कुठून आला ते समजू शकले नाही, असंही लिहिलं. समजू शकले नाही म्हणे! तू रडवेली होऊन माझ्याकडे आलीस, आई, गुरुवारच्या चाचणीनंतर ती सोय बंद करायला मीच विसरले का, असं विचारलंस. मी मूग गिळून बसले. फाईल शेवटची कुणी बदलली ते मी तोवर पाहिलं होतं. शुक्रवार, सकाळी नऊ चाळीस, माझंच लॉगिन. सव्वीस वर्षं सगळे अडलं की माझ्याकडे येतात, त्यांच्यासमोर मान खाली घालायची भीती वाटली. तू लहान आहेस, विसरशील, असं मनाला समजावत राहिले. माझी मला लाज वाटते, ठकू.

परवा मावशी म्हणाली, तिकडच्या इस्पितळाने तुला हेच काम देऊ केलं आणि तू नको म्हणालीस. माझ्या हातात असली जबाबदारी देऊ नका, असं म्हणालीस म्हणे. त्यामुळे काल बाईंनी अकरावी ओळ विचारली तेव्हा सगळंच सांगून टाकलं, शुक्रवारची नोंद दाखवली आणि नवा अहवाल माझ्या नावाने लिहून दिला. त्याची प्रत सोबत आहे, इस्पितळात दाखव, सोमवारपर्यंत ते थांबणार आहेत. माझं काय करायचं ते बाई ठरवतील. तोवर सर्व्हरला हात लावायचा नाही, असं सांगितलंय. त्याआधी शेवटचं काम म्हणून तुझी ओळ काढली. यापुढे सात दहाला विचारशील तर शिष्टोबा दार उघडणार नाही, घाबरू नकोस. चार नंबर चार अंशांवर आहे, आत्ताच जिना उतरून बघून आले. आणि गुरुवारी ती सोय तू बंद केली होतीस. नोंद आहे, पाच वाजून वीस मिनिटं.

तुझीच,
आई