सेकंड शिफ्ट

धायरी, पुणे
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय आम्रपाली,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच फोडलं नसशील, याची मला खात्री आहे. कात्रज काही लांब नाही, फोनही आहे. पण समोरासमोर आलो की आपण 'बऱ्या आहात ना' म्हणतो आणि चहाकडे वळतो. सतरा वर्षं लग्नाकार्यात तेवढंच चाललंय. अभयला हे दाखवू नकोस. धाकट्या भावाच्या नजरेत मी अजून थोडी बरी असेन तर राहू दे.

ह्यांचं कळलंच असेल तुला. स्मृतिभ्रंशाचं चौथं वर्ष आहे. चाळीस वर्षं शाळेत पोरांकडून पाढे पाठ करून घेतले, आता शर्टाची बटणं मी लावते. संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे राहतात आणि विचारतात, वैजनाथ आला का. धाकटे भावोजी करोनात गेले, हे मी सुरुवातीला दर वेळी खरंखरं सांगायचे. मग हे भिंतीला टेकून रडायचे, आणि तासाभराने पुन्हा चपला घालून दारात. एकाच माणसाचं मरण मी एका संध्याकाळी तीनतीनदा सांगितलंय. तू हसणार नाहीस, माहीत आहे. तुझ्या जागी मी असते तर कदाचित हसले असते.

आमची सोनाली बंगळूरला कंपनीत. तिने टॅब पाठवला आणि मला एका गटात घातलं. डिजिटल वाचनोपचार म्हणे, घरात असा पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी. सोमवारी एक गोष्ट येते, ती वाचायची नाहीतर ऐकायची, आणि शनिवारी साडेतीनला सगळ्यांनी स्क्रीनवर बसून तिच्याबद्दल बोलायचं. मी म्हटलं, आजारी हे आणि उपचार माझ्यावर? तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांचे दाखले तपासले, खोटा कागद वासावरून ओळखायचे, पण गोष्टीबिष्टी कधी वाचल्या नाहीत. तरी हे दुपारी झोपले की अक्षर मोठं करून वाचायला लागले. दिवसभरात तेवढाच अर्धा तास मला कुणी हाक मारत नाही.

गेल्या महिन्यात एक गोष्ट आली. गावाकडचा म्हातारा मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेला. रोज दिवेलागणीला सुनेला विचारतो, बैल बांधले का. बैल विकून वीस वर्षं झालेली. सून भाजी चिरता चिरता म्हणते, बांधले, वैरणही टाकली. म्हातारा निवांत जेवतो. एवढीच गोष्ट. शनिवारी आमच्या समुपदेशक बाईंनी विचारलं, सुनेच्या जागी तुम्ही असता तर? मी कचेरीतल्या आवाजात सांगितलं, मी खोटं बोलले नसते. तिथे एक रंगराव आहेत, बायकोला सांभाळतात. फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "ताई, मग त्याला शांत करायला तुम्ही थांबला असता का, का खरं सांगून घरी गेला असता?" मी टॅब बंद केला.

कारण मी घरीच जायचे ना गं. रविवारी दुपारी तुमच्याकडे यायचे, सहाची बस धरायचे. सगळं विसरत चाललेली आई बाबांबद्दल विचारायची, ह्यांची सुट्टी झाली का, आणि तू पोळ्या लाटता लाटता म्हणायचीस, "आज सेकंड शिफ्ट आहे आई, उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, खडकीचा कारखाना कधीच सुटला होता. आई मुकाट्याने जेवायची. ते खोटं मला सोसायचं नाही. मी तिच्यासमोर बसून सांगायचे, आई, बाबा वारले. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी किंचाळायची. मी तिचा हात धरून दहा मिनिटं रडायचे, मोकळी व्हायचे आणि बसस्टॉपवर जायचे. रविवारची संध्याकाळ, सोमवार, कधी मंगळवारसुद्धा तू निस्तरलास. अभयची तेव्हा नवी नोकरी, रविवारीसुद्धा सकाळी कंपनीची गाडी न्यायची ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. तू एकटीच होतीस. मी कधी विचारलं नाही, मी गेल्यावर काय होतं.

आणि मग तो शेवटचा रविवार. बुद्धवंदना नुकतीच म्हणून झाली होती, शेजारची शकू बसलेली होती. तिच्यासमोर मी तुला म्हणाले, "रोज पंचशील म्हणतेस आणि माझ्या आईशी रोज खोटं बोलतेस. चौथं शील काय नुसतं फोटोपुढे म्हणायला आहे?" तू हातातली खिरीची वाटी खाली ठेवलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, बोलायला तोंडच राहिलं नाही तुला. त्यानंतर चार महिने, आई जाईपर्यंत, मी आले नाही. राग तुझ्यावर, आणि शिक्षा आईला. चुकले मी, आम्रपाली. फार वाईट चुकले. हे म्हणायला मला सतरा वर्षं आणि स्वतःचं माणूस लागलं.

आता मीही सांगते. वैजनाथ भावोजी नाशिकला गेलेत, उद्या येतील. हे चपला काढतात, जेवतात. तुझ्याइतकं सहज अजून जमत नाही.

पण या सगळ्यासाठी हे पत्र नाही. काल सोनालीचा व्हिडिओ कॉल होता. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, या बाई कोण. तिने ऐकलं. जरा वेळाने हळूच म्हणाली, "आई, बाबा माझी आठवण तरी काढतात का गं?" मी म्हटलं, "काढतात ना. आज सकाळीच विचारलं, सोनाली कधी येणार." त्यांनी तिचं नाव घेऊन वर्ष झालंय. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तिचा चेहरा एकदम उजळला, आणि मला तुझा तो आवाज आठवला. आई गेली त्या दिवशी मी दारात आले, तेव्हा तू माझे खांदे धरून म्हणाली होतीस, "ताई, आईंनी सकाळी तुमचं नाव घेतलं. शैला आली का, विचारलं." मी येत होते तेव्हाच आई मला ओळखेनाशी झाली होती गं, 'कचेरीतल्या बाई' म्हणायची. तरी त्या एका वाक्यावर मी सतरा वर्षं काढली. काल रात्रभर डोळा लागला नाही. खरंच घेतलं होतं का तिने माझं नाव? एका ओळीचं उत्तर पाठव. 'घेतलं होतं' एवढंच लिही. मी तपासणार नाही.

तुझीच,
शैलाताई