निवृत्तीची सूट आणि पाकोळ्यांचा खांब

४ फेब्रुवारी

रॉइस आज कराचे कागद अर्धवट टाकून उठला! चर्चच्या तळघरात, सगळ्यांच्या देखत. काठी आपटत जिना चढला आणि गाडीत जाऊन बसला. मी, त्याची बायको, मागे राहिले ओलेटाबाईंची माफी मागायला.

ओलेटाबाई शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. दर वर्षी या दिवसांत तिथे बसून लोकांचे कर फुकट भरून देतात. वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, कर सुरळीत झाला. मग राज्याचा काढला. म्हणाल्या, "रॉइस, जॉर्जियात पेन्शनवर सूट आहे, पण त्याला बासष्ट पूर्ण लागतात. तू अठ्ठावन्नचा. माणूस कायमचा आणि पूर्ण अपंग असेल तर मात्र वयाची अडचण नाही. इथे कधीपासून ते लिही, इथे काय झालंय ते."

"कोण अपंग?" रॉइसने विचारलं.

बाईंनी काठीकडे पाहिलं. झालं मग.

५ फेब्रुवारी

बोलत नाही. मीही नाही. पावासारखी मऊ बिस्किटं मात्र चार खाल्ली, वर ग्रेव्ही मागून घेतली.

७ फेब्रुवारी

बोलला. "डॉक्टरने लिहून दिलंय ते राहू दे त्याच्यापाशी. माझी सही झाली की ते खरं होणार."

तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली याने. वादळ आलं की गाव घरात शिरायचं आणि हा बाहेर पडायचा. गेल्या वर्षी जानेवारीत गारठलेल्या पावसात खांबावरून पडला. पाठ सांधली, उजव्या पायात मात्र जीव आला नाही. कंपनीने पेन्शन देऊन घरी बसवलं. त्याचा कमरेचा पट्टा आणि खांब चढताना बुटांना बांधायचे लोखंडी आकडे मागच्या व्हरांड्यात टांगलेले आहेत. दर रविवारी उतरवतो, तेल लावतो, परत टांगतो.

मला ते करात वाचणारे पैसे हवेत, खोटं कशाला बोलू? मेकन शहरात त्याच्या पायासाठी पाण्यातले व्यायाम असतात, त्याचा खर्च विम्याने बंद केलाय. व्यायाम झाला त्या रात्री रॉइस झोपायचा. आता नुसता कूस बदलतो आणि समजतो की मला कळत नाही.

९ फेब्रुवारी

आज तेल झाल्यावर त्याने वाळल्या भोपळ्यांचे आठ तुंबे काढले. धुतले, पांढरा रंग दिला, ओळीने वाळत ठेवले. मग म्हणाला, "पाकोळ्या येतीलच आता. तुंबे मी टांगणार. चढून. मग विचार तुझ्या ओलेटाबाईला, पूर्ण अपंग कशाला म्हणतात ते."

परसातला खांब त्यानेच पुरलाय, आमचं लग्न झालं त्या वर्षी. कंपनीने टाकून दिलेला. दर फेब्रुवारीत तो त्याच्यावर पोकळ तुंबे टांगायचा आणि जांभळ्या पाकोळ्या पार ब्राझीलहून यायच्या, त्यांत घरटी करून संसार थाटायच्या. आमच्याकडच्या पाकोळ्या माणसाने घर टांगून दिल्याशिवाय राहतच नाहीत. गेल्या वर्षी खांब बोडका होता. दोन दिवस घिरट्या घालून निघून गेल्या. रॉइस खुर्चीतून बघत होता.

मी तर बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी भिंत धरते.

१० फेब्रुवारी

शेजारचा ड्वेन शिडी घेऊन आला. "काकी, मी लावतो ना, दहा मिनिटांचं काम." रॉइस म्हणाला, "माझ्या खांबाला शिडी लावलीस तर लाथ घालून हाकलीन." कुठल्या पायाने, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. गिळलं.

१३ फेब्रुवारी

आकडे लपवले. कपडे धुवायच्या यंत्रात, चादरींखाली. दुपारपर्यंत सापडले त्याला. ओरडेल असं वाटलं होतं. हळूच म्हणाला, "ट्वायला, दुसऱ्याच्या आकड्यांना हात लावायचा नसतो." ओरडला असता तर परवडलं असतं. न्हाणीघरात जाऊन रडले.

१४ फेब्रुवारी

प्रेमाचा दिवस. उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली, दर वर्षीसारखी. एकाच पिशवीत हात घालून खाल्ल्या. या माणसावर किती वेळ रागावणार?

१७ फेब्रुवारी

चढला.

सकाळी धुकं होतं. ओट्याशी उभी होते, तर हा पट्टा, आकडे बांधून खांबापाशी! धावत जावंसं वाटलं. पण गेले असते तर जन्मभर बोलला असता की तू अडवलंस म्हणून राहिलं. ताटली हातात धरून खिडकीतून बघत राहिले.

डावा पाय बसला. उजवा त्याने हाताने उचलून खांबावर ठेवला. निसटला. पुन्हा ठेवला, पुन्हा निसटला. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असेल, तसाच लाकडाला गाल टेकून लटकत राहिला. मग उतरला आणि खाली बसला.

दोन कप कॉफी घेऊन गेले, ओल्या गवतात शेजारी बसले. कॉफी संपत आली तेव्हा म्हणाला, "पायाला कळतच नाही गं, खाली खांब आहे ते." मी त्याचा हात धरला.

"ओलेटाबाई उद्या असतील ना?" त्याने विचारलं.

१८ फेब्रुवारी

तारीख त्यानेच लिहिली. पाठ आणि पाय, तेही त्यानेच लिहिलं. व्यवसायाच्या जागी बाईंनी हळूच विचारलं, "निवृत्त लिहू?" म्हणाला, "लिहा." पेन्शनवर सूट मिळाली. राज्याला काही द्यायचं नाही, उलट परत मिळणार. मेकनचं भागेल.

येताना गाडी मी चालवत होते. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक लोंबत्या तारेला नावं ठेवतो. आज मांडीकडे बघत बसला. मला हवं ते मिळालं होतं, आणि वाटत होतं की ते कागद खिडकीतून भिरकावून द्यावेत.

२३ फेब्रुवारी

पहिली पाकोळी आली. एकटीच. बोडक्या खांबाभोवती फिरत राहिली. रॉइस आत जाऊन झोपला. आज रविवार, पण आकड्यांना तेल नाही.

२४ फेब्रुवारी

आठही तुंबे लागले. मी लावले.

त्याचे बूट, आत तीन मोजे. आकडे बांधताना मला वाटलं नको म्हणेल. गुडघ्यावर बसला आणि बंद दोनदा आवळून पाहिले. मग खालून सुरू झाला: "गुडघे बाहेर! पट्ट्यावर रेल, तो धरून ठेवतो. खाली कशाला बघतेस, मी आहे ना इथेच." मी देवाचं नाव घेत होते आणि त्याला शिव्या देत होते, आलटूनपालटून. पण चढले.

उतरले तशी गवतातच बसले. त्याने आकडे सोडले, पुसले आणि माझ्या हातात दिले.

"रविवारी तेल लावायला विसरू नकोस," म्हणाला. "आता तुझे आहेत."