मतपेटी आणि दुवा

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बोललो! बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि बोललो. टीव्हीवरच्या पोरीने, सगळे म्हणतात तसं मला ‘बाइके’ म्हणजे थोरला भाऊ म्हणत, साधं विचारलं, ‘‘सागिनबेक बाइके, फुटबॉल महासंघाची निवडणूक जवळ आली, तुम्हाला काय वाटतं?’’ मी म्हणालो, निवडणूक कसली? अध्यक्ष समोर खुर्चीत बसतो, ‘कोण माझ्या बाजूने’ म्हणून विचारतो आणि सगळे हात वर करतात. न करून जातील कुठे? ज्याचा हात खाली, त्याच्या क्लबला मैदान नाही, बस नाही, आणि पुढच्या सामन्यात रेफरी उलटा. याला निवडणूक नाही म्हणत, हजेरी म्हणतात!

पोरगी खूश. कॅमेरावाला पण खूश. मी तर सर्वांत खूश. खोटं कशाला लिहू — दिवे लागले, समोर माणसं असली की माझी जीभ आपोआप सुटते. खेळायचो तेव्हाही असंच होतं. रिकाम्या मैदानावर सराव करताना मी अगदीच सामान्य होतो.

घरी आलो तर बायकोने, अनारकानने, चहाचा वाडगा पुढे ठेवला. ‘‘छान बोललात. आता महिनाभर बाजारात लोक हात मिळवतील. आणि तुमची क्रीडाशाळा कुणाच्या जिवावर चालते ते विसरलात वाटतं?’’

विसरलो नव्हतो. म्हटलं, एवढं धाडस करायचे नाहीत.

२० सप्टेंबर

केलं. शाळेतून काढलं. साठीला आलेल्या माणसाला, फोनवर!

२३ सप्टेंबर

जोल्दोश आला. सोबत कालिस. आमच्या जुन्या संघाचे आम्ही तिघे आता एका टेबलाभोवती मावतो, बाकीचे कुणी रशियात, कुणी मातीखाली.

जोल्दोश आमचा गोलकीपर. दौऱ्यांवर वर्षानुवर्षं एका खोलीत राहिलो, त्याचं घोरणं मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त पाठ आहे. आल्या आल्या म्हणाला, ‘‘ठरलं. अध्यक्षपदाला मी उभा राहतो.’’

‘‘तू? अरे, तुला साधा शर्ट इस्त्री करता येत नाही.’’

‘‘तू मारलेले गोल लोकांना आठवतात, मी अडवलेले कुणाला आठवतात? निदान हरलो तर मला त्यात नवीन काही नाही.’’

हसलो खूप. मग तोच गंभीर झाला. मागच्या वर्षी आपली सोळा वर्षांखालची मुलं परदेशात विमानतळाच्या फरशीवर झोपली आणि पदाधिकारी हॉटेलात होते, हे त्याला अजून पचत नाही. मलाही.

कालिस मधल्या फळीतला, तेव्हाही अबोल, आताही. वर डोंगरात एक क्लब चालवतो, मैदान महासंघाचं. तो एवढंच म्हणाला, ‘‘मतपेटी आणलीत तर माझं मत तुमचं. हात वर करायचा असेल तर मला विचारू नका. माझ्याकडे चाळीस पोरं खेळतात.’’

‘‘भित्रा कुठला!’’ जोल्दोश म्हणाला. कालिसने मान डोलवली, जणू कुणी त्याला पत्ता सांगत होतं.

पण त्याचं बरोबर आहे. सगळं अडलंय ते इथेच. एकतीस प्रतिनिधी, निवृत्त खेळाडूंच्या संघटनेचं एक मत माझं. पडदा लावून पेटी ठेवली तर आत्ताचा अध्यक्ष तेमिरकुल पडतो. हात वर करायला लावले तर तेमिरकुल मरेपर्यंत अध्यक्ष. तेव्हा मागणी एकच — पेटी.

३० सप्टेंबर

आठवडाभर फोन, फोन, फोन. सगळे प्रतिनिधी एकाच शाळेत शिकल्यासारखं तेच बोलतात — ‘‘बाइके, आधी पेटी आणा, मग बघा आमची कमाल.’’ जोल्दोश बोटांवर मोजतो. सोळा आपले, म्हणतो. घासून आहे, पण आहे!

बुरुल आपांचं बोलावणं आलं. त्यांच्या यजमानांना, आमच्या मम्बेत अगायना, जाऊन वर्ष होतंय, रविवारी त्यांच्या गावी, कोक-सायला, वर्षाचं जेवण. ज्यांनी मला पहिल्यांदा बुटाच्या नाड्या नीट बांधायला लावल्या त्या गुरूचं जेवण. जायलाच हवं. जोल्दोश दक्षिणेत प्रतिनिधींना भेटायला गेलाय, त्याला जमणार नाही. कालिस येतोय.

५ ऑक्टोबर, रविवार

काय करून बसलो मी!

नीट लिहितो. सकाळी कोक-सायला पोचलो. कुरणावर तंबू, लोकरी नमद्यांवर माणसांच्या रांगा, अख्खं गाव लोटलेलं. घोडा कापलेला. बुरुल आपांनी मला मिठी मारली आणि रडल्या, मीही रडलो. वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसवलं, मानाचा तुकडा माझ्या ताटात ठेवला. मी म्हटलं, मी कशाला तिथे! तर कालिस म्हणाला, ‘‘अगायच्या शिष्यांत आता सर्वांत थोरला तूच उरलायस, बस गुपचूप.’’

जेवण झालं. शेवटची दुवा कुणी द्यायची? बुरुल आपा म्हणाल्या, ‘‘सागिनबेक देईल.’’ नाही म्हणण्याची सोय असते का तिथे? मी तळवे उघडले. माझ्यासमोर तीनशे जणांनी तळवे उघडले, मग मी डोळे मिटले. आणि माझी जीभ सुटली. अगायच्या कबरीवर उजेड राहो, आपांना आयुष्य लाभो, गावाला पाऊस मिळो. मग रीतीप्रमाणे घोडा देणाऱ्याला दुवा. त्याचं नाव घ्यावं लागतं. मला नाव माहीत नव्हतं. थांबलो, तसा शेजारचा म्हातारा कानाशी पुटपुटला —

‘‘तेमिरकुल. सातिबाल्दीचा मुलगा.’’

अर्धा श्वास. बस, तेवढाच वेळ होता. दुवा मध्येच तोडता येत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या जेवणात तर नाहीच नाही. मी म्हणालो, ‘‘ज्याने हा घोडा दिला त्या सातिबाल्दीच्या तेमिरकुलचं आसन अढळ राहो. हाती घेतलेलं काम त्याच्याच हातून पुरं होवो.’’

तीनशे जण म्हणाले, ‘‘ओमिन!’’ तळवे तोंडावरून फिरले.

डोळे उघडले तर समोर मोबाईल. धरणाऱ्याला मी ओळखत होतो, तेमिरकुलचा ड्रायव्हर.

६ ऑक्टोबर

सगळ्यांनी पाहिलंय. भाजीवाल्याने पण. ‘‘जुळलं वाटतं तुमचं, बाइके?’’ म्हणाला.

७ ऑक्टोबर

जोल्दोश दक्षिणेतून थेट माझ्या घरी. बूटही काढले नाहीत.

‘‘तुझं आयुष्यभर हेच! पायाशी बॉल आला की मारायचा, गोल कुणाचा ते नंतर बघायचं!’’

मी सगळं सांगितलं. म्हातारा, कान, अर्धा श्वास. तो ऐकत नव्हता. ‘‘खोकला आणायचास! चक्कर आली म्हणून पडायचंस! सामन्यात किती वेळा पडलायस कुणी हात न लावता!’’

कालिस होता म्हणून निभावलं. तो म्हणाला, ‘‘मी त्याच्या शेजारी होतो, जोल्दोश. त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. तूसुद्धा.’’ एवढं लांबलचक बोलताना मी कालिसला कधी ऐकलं नव्हतं. जोल्दोश खाली बसला, चहा मागितला. जाताना मला म्हणाला, ‘‘सभेत तू तोंड उघडू नकोस. तुला पाहून लोक हसतील.’’

१० ऑक्टोबर

पाच प्रतिनिधींनी फोन उचलणं बंद केलं. सहावा म्हणाला, किती मिळाले ते तरी सांगा.

अनारकानला विचारलं, दिलेल्या दुवेविरुद्ध वागलं तर? ती पीठ मळत होती, हात थांबवला नाही. ‘‘फसवून घेतलेली दुवा लागत नाही. त्याने तुम्हाला मान देऊन फसवलं, तुम्ही काही त्याच्या घरी गेला नव्हता.’’

‘‘पण तोंडातून गेली ना.’’

‘‘तोंडातून तुमच्या रोजच शंभर गोष्टी जातात.’’

तिला हसू आलं. मला नाही. माझी आई म्हणायची, दुवा मोडणाऱ्याच्या घरात मीठसुद्धा ओलं होतं. मी पन्नास वर्षांत आईच्या असल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. मग हे आत्ताच का आठवावं? अगाय गेले तेव्हा मी त्यांचे हात धरले होते. त्यांच्या जेवणात उच्चारलेला शब्द आहे तो. तेमिरकुल गेला खड्ड्यात, पण शब्द अगायच्या नावावर गेलाय. चिडचिड होते आहे. कुणावर चिडू ते कळत नाही.

१४ ऑक्टोबर

बुरुल आपांचा फोन. ‘‘मला त्याचा डाव कळला असता तर घोडा परत पाठवला असता रे.’’ त्यांनाच धीर देत बसलो.

१९ ऑक्टोबर

तेमिरकुल रस्त्यात भेटला! गाडी थांबवून उतरला, दोन्ही हातांनी माझा हात धरला. ‘‘तुमच्या दुवेने बळ आलं.’’ चेष्टा करत होता असं वाटलं. मग नीट पाहिलं तर नव्हता करत. त्याला खरंच वाटतं की ती लागणार. हे तर चेष्टेपेक्षा वाईट.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सभा झाली. सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

सभागृह भरलेलं. व्यासपीठावर तेमिरकुल. जोल्दोश माझ्या पुढच्या रांगेत, इस्त्री केलेला शर्ट, मानेला घाम. कालिस माझ्या शेजारी. सुरुवातीलाच आमची मागणी आली: मतदान पेटीत व्हावं. आणि ती मान्य करायची की नाही हे ठरवायचं कसं? हात वर करून! सगळीकडे माना खाली. मेलं, म्हटलं. इथेच मेलं.

मी उठलो. जोल्दोशने मागे वळून डोळे वटारले. पण समोर माणसं होती, दिवे होते, मला थांबवणार कोण!

म्हणालो, ‘‘कोक-सायला मी तेमिरकुलला दुवा दिली. तुम्ही सगळ्यांनी ती फोनवर पाहिलीत, काहींनी दोनदा. ती मी परत घेत नाही. त्याचं आसन अढळ राहो असं मी म्हणालो होतो, आजही म्हणतो. आता मला एवढंच सांगा — ज्याचं आसन अढळ आहे, तो एका लाकडी पेटीला का घाबरेल?’’

मागून एक जण हसला. मग दुसरा. मग सगळं सभागृह. तेमिरकुलला हसावंच लागलं. ‘‘मी? पेटीला?’’ म्हणाला आणि त्याने स्वतःच हात वर केला! त्याचा हात दिसताच सगळे हात वर. सवयच तशी! त्या सवयीचा देशाला पहिल्यांदा उपयोग झाला.

काय तो क्षण होता! जोल्दोशने मला उचलून धरलं, सगळ्यांसमोर गालाचा मुका घेतला. ‘‘गाढवा, आयुष्यातला सर्वांत सुंदर गोल!’’ म्हणाला. कालिस हसत होता. दात दिसतील असा तो मी पहिल्यांदाच पाहिला.

बाजूच्या खोलीत पडदा लावला. एकेक जण आत गेला. मीही गेलो, आलो.

मोजणी झाली. तेमिरकुल सोळा, जोल्दोश पंधरा.

जोल्दोश परत बोटांवर मोजायला लागला, एकेकाचं नाव घेत. ‘‘एक फुटला. आपल्यातलाच.’’ आणि त्याची नजर कालिसवर गेली. का, तर निकालानंतर तेमिरकुलने येऊन कालिसचा हात हातात घेतला होता. सगळ्यांचाच घेत होता तो.

‘‘काय कबूल केलं त्याने? नवीन मैदान?’’

कालिस म्हणाला, ‘‘मी तुलाच मत दिलं, जोल्दोश.’’

‘‘पेटी असली तर तुमचं, म्हणाला होतास! पेटी आणून दिली तुला! पेटीत तरी मर्दासारखं वागायचंस!’’ सगळं सभागृह ऐकत होतं. कालिसच्या कानांपर्यंत लाली आली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून पाहत राहिला.

मी कोट घालत होतो.

घरी आल्यावर अनारकानने विचारलं, काय झालं? दमलो म्हणालो. जेवलो नाही.

२६ ऑक्टोबर

कालिसने नाही केलं. मी केलं.

पडद्यामागे कुणीच नव्हतं. दिवे नाहीत, कॅमेरा नाही, जोल्दोश नाही. कागदावर दोन नावं आणि कानात ते तीनशे जणांचं ओमिन. सभागृहात मी कुणाला घाबरत नाही. तिथे एकटा होतो आणि घाबरलो. तेमिरकुलच्या नावापुढे खूण केली.

सकाळी जोल्दोशचा फोन आला. आवाज बसलेला. ‘‘कालिसला परत कधी आपल्या टेबलावर बसवायचं नाही. कबूल?’’

मी म्हणालो, कबूल.