नार्सिसाच्या नावाचं फोल्डर

११ ऑक्टोबर २००४, असोगेस

आले एकदाची! लोहा शहरापासून बसमध्ये रस्ताभर ओकत आले, पण उत्साह काही कमी झाला नाही. माद्रिना स्वतः स्टँडवर न्यायला आल्या होत्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरलं ते ह्याच दोन्या एल्वियांनी, म्हणजे एल्वियाबाईंनी, आणि आमच्याकडे माद्रिना म्हणजे दुसरी आईच. बाबा गेल्यापासून शाळेचे बूट, पहिल्या कम्युनियनचा झगा, लोहातला कॉम्प्युटरचा कोर्स, सगळं त्यांनीच केलं. आता नोकरीही त्यांच्याच घरात. गवती टोप्या विणणाऱ्या बायका माल आणून देतात, खाली त्या टोप्या गंधकाच्या धुराने पांढऱ्या करून दाबतात, मधल्या मजल्यावर कचेरी आहे आणि वर माद्रिना राहतात. मला कचेरीला लागूनच खोली दिली आहे, खिडकीत जिरेनियमसकट!

टोप्या दाबणारे म्हातारे हेनारो भलतेच थट्टेखोर आहेत. माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, पोरी, जपून बस हो, हिला चाकं आहेत, जी बसते ती थेट स्पेनला जाते. माझ्या आधीची मिरेया म्हणे तिकडे मुर्सियाला एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते. तिच्या आधीचीही तिकडेच गेली. मी म्हटलं, माझी आई इथे गावाकडे आहे, मी कुठे जायची नाही.

१३ ऑक्टोबर

नवीन कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम बसवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या मेलचा सर्व्हर भाड्याचा, क्वेन्कातल्या एका कंपनीकडे. त्यांच्या इंजिनियरला फोन केला. त्याने सांगितलं की दोन पद्धती आहेत. एकीत मेल ह्या मशीनवर उतरतात आणि सर्व्हरवरून पुसले जातात. दुसरीत सगळं सर्व्हरवरच राहतं आणि घरातल्या प्रत्येक मशीनवर तेच दिसतं. माद्रिनांनी निक्षून सांगितलं होतं, पहिलीच पद्धत घे, बाकी कशात नाक खुपसू नकोस. पण त्यांचंही एक मशीन वर आहे. मी इथे मेल उतरवले तर त्यांचे गायब होतील आणि बोलणी मला बसतील. म्हणून मी गुपचूप दुसरी निवडली. त्यांना यातलं काय कळतंय?

मेल येत होते, जात मात्र नव्हते. दुपारभर डोकं फोडलं. शेवटी इंजिनियर हसत म्हणाला, बाई, जाणाऱ्या मेललाही पासवर्ड लागतो, तिथे खूण करा. केली, आणि न्यूयॉर्कच्या टोपीवाल्याला पहिलं मेल गेलं! इथली पद्धत मजेशीर आहे. अख्ख्या घराला एकच पेटी आणि एकच पासवर्ड, एका चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक असावा तसं.

१८ ऑक्टोबर

माद्रिना जीव लावतात. संध्याकाळी कणसाच्या पानातली उमिता आणि कॉफी घेऊन माझ्याजवळ बसतात आणि आईची चौकशी करतात. ती तुला काय हाक मारते? नार्सिसाचं नुसतं सिसा. तू तिला पत्रात काय लिहितेस? मी सांगितलं, गुडघ्याला कोबीचं पान बांधतेस ना, हे पहिलं वाक्य ठरलेलं. त्या किती हसल्या! आईला वाचता येत नाही. गावात फोनही नाही, फक्त शाळेवर सरकारने बसवलेली उपग्रहाची डिश. दर शनिवारी फाउस्तो मास्तर शाळेच्या कॉम्प्युटरवर आलेली मेल वाचून दाखवतात, आणि ज्यांच्या लेकी बाहेर आहेत त्या साऱ्या आया ओळीने बसून ऐकतात. हेही सांगितलं. कोणीतरी इतक्या मायेने विचारलं की बोलावंसं वाटतं.

माझं ओळखपत्र त्यांनी विम्याच्या कागदांसाठी घेतलंय.

२५ ऑक्टोबर

जुनं बिल सापडेना, म्हणून प्रोग्रामला ‘सर्व फोल्डर दाखवा’ असं सांगितलं. डावीकडे मुलींच्या नावाची फोल्डर उतरली. मिरेयाचं उघडलं. तिने आईला लिहिलेली पत्रं. इथे गार आहे, म्हातारी चांगली आहे, तुझी आठवण येते. वाचून बरं वाटलं.

मग तारखा पाहिल्या. मसुद्यांमध्ये येत्या नाताळचं पत्र आहे. पुढच्या वर्षीच्या मातृदिनाचंही. ‘आज दिवसभर रडले गं आई.’ मे महिन्यात आपण रडणार आहोत हे मिरेयाला आत्ताच कसं ठाऊक?

असेल काहीतरी. मुर्सियात बसून ती आमच्या पेटीत पत्रं का ठेवते, तेही मला कळत नाही.

२८ ऑक्टोबर

वाचायला नको होतं. वाचलं.

ग्वायाकीलच्या एका माणसाचं मेल, दोन वर्षांपूर्वीचं. ‘मिरेया संपली. ताप होता, डॉक्टर आणणं शक्य नव्हतं. दुसरी पाठवा.’ त्याखाली माद्रिनांचं उत्तर. एक आहे, माझीच धर्मलेक आहे, कोर्स पुरा होऊ दे. बाप नाही, भाऊ नाही, आई निरक्षर. कोणी शोधायला येणार नाही.

कोर्स पुरा होऊ दे! मी प्रमाणपत्र घेऊन पहिल्यांदा हिच्या गळ्यात पडले होते.

मिरेयाच्या आईला गेल्या शनिवारीसुद्धा पत्र गेलंय.

३० ऑक्टोबर

ओळखपत्र मागितलं. म्हणाली, घाई काय आहे सिसा.

सिसा म्हणाली. आता हिला अहो-जाहो कोण करणार?

हेनारोंना मिरेयाबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोरी, मला घर आहे, नातवंडं आहेत, एवढंच म्हणाले आणि टोपी दाबत राहिले. म्हणजे खुर्चीची थट्टा करताना त्यांना माहीत होतं. दिंडीदरवाजाची किल्ली तिच्या कमरेला. टेलिफोनची तार आता फक्त मेलपुरती जोडलेली, फोन उचलून तिच्या खोलीत नेलाय.

फाउस्तो मास्तरांना मेल केलं. सगळं लिहिलं. पोलिसांना घेऊन या, आईला सांगा. पाठवलेल्यांतून पुसलं, कचऱ्यातूनही पुसलं. आज शनिवार आहे. आज वाचतील.

१ नोव्हेंबर

उत्तर आलं.

मास्तर लिहितात, दोन्या एल्वियांनी महिन्याभरापूर्वीच कळवलं होतं, परदेशी जायच्या आधी पोरी घाबरतात, वाट्टेल ते लिहितात, तर मनावर घेऊ नका. तुझ्या आईला काळजी नको म्हणून मी ते वाचलंच नाही. ती तुझं कौतुक ऐकून फार खूश आहे. तिने संमतीच्या कागदावर अंगठाही दिलाय. माद्रिनाचं ऐक. तुझ्या बऱ्याचं करतेय ती.

आई, अगं तू अंगठा का दिलास? कोणी वाचून दाखवला तो कागद?

पुन्हा लिहिलं. जात नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतं. जाणारं बंद केलंय तिने. येणारं अजून दिसतंय — ते तिला माहीत नसावं.

२ नोव्हेंबर, दुपार

मृतांचा दिवस. सगळं असोगेस दफनभूमीत, ताटं घेऊन. कारखाना रिकामा. ओरडले. गल्लीत कोणी नाही.

खाली दरवाजात गाडी. ग्वायाकीलची पाटी.

डावीकडे नवीन फोल्डर. नार्सिसा.

एक मसुदा. उघडला. ‘आई, गुडघ्याला कोबीचं पान बांधतेस ना?’ एवढंच. बंद केला, उघडला — आणखी एक ओळ. वर तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू येतेय. ती थांबली की ओळ पुरी होते. माझे शब्द. हुबेहूब माझे. मलाही वेगळे ओळखता येणार नाहीत —

आईला तरी कुठून —

‘विमानात भीती वाटली नाही. म्हातारी प्रेमळ आहे.’

टकटक थांबली. मसुदा नाही. गेलाय. पाठवलेल्यांत —

‘मी सुखरूप पोहोचले. आता माझी वाट पाहू नकोस.’

मी इथे आहे. आई, मी अजून इथेच आहे, खुर्चीत, दाराला टेबल लावून —

जिन्यावर दोघं. ती मला हाक मारतेय, लाडाने, अगदी तुझ्यासारखी, सि